आमोण्यातला वजनदार गुन्हा

“मी भिकाजी. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्याच वर्षी मी माझी पहिली चोरी उघडकीस आणली. म्हणजे हे राज्य आणि मी बरोबरीनेच नावारूपाला आलो. निसर्गाने मला आधी मेंदू दिला आणि मग तो ठेवायला जागा हवी म्हणून बाकीचं शरीर दिलं. नजर घारीची, कान सशाचे, पाऊल मांजराचं. तेरेखोलच्या खाडीपासून मांडवीच्या काठापर्यंत असा एकही गुन्हेगार नाही, जो माझ्या हातून सुटलेला नाही.”

हा मजकूर अगदी सुरुवातीला आला पाहिजे, अशी भिकाजीबाबांची अट होती. शेवटच्या वाक्यात एक ‘नाही’ जास्त पडलाय, हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “गुरुदास, व्याकरण तू बघ, सत्य मी बघतो.” मग मी वाक्य तसंच ठेवलं, कारण सत्य त्यातच जास्त होतं. पहिल्या चोरीचंही सांगून टाकतो. ती शेजारच्या फणसाची होती, आणि भिकाजीबाब फणसासकट पकडले गेल्यामुळेच ती उघडकीस आली.

आम्ही दोघंही खाणीवर नोकरीला होतो. ते टाइमकीपर, मी ऑफिसात. खाणी बंद पडल्या तेव्हा मी डिचोलीच्या बाजारात झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि भिकाजीबाबांनी माझ्या दुकानात, पडद्यामागे, खुर्ची टाकली. बाहेर पाटी लावली, ‘भिकाजी, खासगी गुप्तहेर’. पाटी मराठीत का, असं कोणीतरी विचारलं म्हणून खाली कोंकणीत ‘गुपितां सोदपी’ असं लिहून घेतलं. त्यावर आठवडाभर बाजारात भाषेचा वाद चालला. हा माणूस नेमकं काय काम करतो, हे मात्र कोणी विचारलं नाही. दुकानात मी प्रती काढतो, ते निष्कर्ष काढतात. माझ्या प्रती निदान मूळ कागदाशी जुळतात.

माझ्याकडे स्कूटर आहे. एवढ्या एका गुणावर त्यांनी मला आपला सहायक नेमलं.

तर एके दिवशी सुमंगला वहिनी परीक्षेचे पेपर झेरॉक्स करायला दुकानात आल्या. त्या सांखळीला शाळेत शिकवतात, राहतात आमोण्याला. त्यांचे यजमान जयरामबाब आमच्या खाणीवर ट्रक चालवायला देत, त्यामुळे जुनी ओळख. वहिनींचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी सहज विचारलं, “जयरामबाब कसे आहेत?”

एवढं विचारायचा अवकाश, वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

जयरामबाब कोण, हे डिचोली तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही. पण तुम्ही बाहेरचे असाल तर सांगतो. पंगतीत जयरामबाब बसले की वाढपी दमून बदलायचे. लग्नघरचा आचारी आधी विचारायचा, जयराम येणार आहे का, आणि मग तांदूळ काढायचा. लोक त्यांना जेवताना बघायला कडेला उभे राहत. त्यांचे वडील असेच जेवायचे, थोरला भाऊही. दोघंही पन्नाशी ओलांडायच्या आत गेले, एकाचं हृदय, दुसऱ्याची साखर. जयरामबाबांचीही साखर चढली, गुडघे बोलायला लागले, झोपेत श्वास अडकायला लागला, तेव्हा वहिनींनी हट्टाने त्यांचं पोट लहान करायचं ऑपरेशन करवून घेतलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात म्हणे. केळ्याएवढं उरतं.

“पहिले काही महिने वजन भराभर उतरलं हो,” वहिनी म्हणाल्या. “वाटीभर खाणं, ते अर्धा तास चावत बसायचं, जेवताना पाणी नाही. सगळं पाळलं त्यांनी. मी शिंप्याकडून शर्ट आवळून आणले. आणि आता वजन थांबलंय. थांबलंय कसलं, चढतंय! दुपारी घाम सुटतो, छाती धडधडते, आडवे होतात. विचारलं तर म्हणतात, मी काही खात नाही. गुरुदासबाब, हा माणूस चोरून खातोय. माझ्याशी नाही, स्वतःच्या जिवाशी खोटं बोलतोय.”

पडदा सरकला. “वहिनी,” भिकाजीबाब म्हणाले, “प्रकरण मी हाती घेतलंय.”

“मी तुम्हाला कुठे सांगितलं?” वहिनी म्हणाल्या.

“मोठे गुन्हे कोणी सांगून होत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी दुपारी, वहिनी शाळेत असताना, मी माझ्या स्कूटरवरून हा मेंदू आणि तो ठेवायची जागा, असं दोन्ही आमोण्याला नेलं. स्कूटरने चढावर निषेध नोंदवला.

जयरामबाब बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आरामखुर्चीत पडले होते. कपाळावर घाम, डोळे मिटलेले. आम्हाला बघून कसनुसं हसले. “ये रे गुरुदास. जरा बरं नाही वाटत. थोडा वेळ पडतो, मग बोलू.”

भिकाजीबाबांनी त्यांची नाडी धरली आणि माझ्या कानात कुजबुजले, “धावतेय. अपराधी माणसाचीच नाडी अशी धावते.” खुर्चीजवळच्या स्टुलावर एक रिकामा कोप होता, म्हणजे आपला पेला. तो मध्ये येत होता म्हणून त्यांनी बाजूला सारला आणि स्टुलाखाली भिंग घेऊन पुरावे शोधायला लागले.

मग घराची झडती. कपाटात बिस्किटं नाहीत, गादीखाली चिवडा नाही, देवघरात प्रसादसुद्धा मोजका. आतल्या खोलीत वजनकाटा होता. ‘काट्यातच घोळ असणार’ म्हणून भिकाजीबाब त्यावर चढले. काट्याने आकडा दाखवला. त्यांनी उतरून पुन्हा चढून बघितलं. आकडा तोच.

“हा काटा खोटा आहे,” त्यांनी जाहीर केलं.

“कशावरून?”

“माझं एवढं वजन असूच शकत नाही.”

इतक्यात जयरामबाबांची आई, जानकी आजी, दोन कोप भरून तिजण घेऊन आली. नाचणीचं सत्त्व काढून त्यात गूळ आणि नारळाचा रस घालून शिजवतात ते. आजीच्या तोंडात आता दात उरलेले नाहीत, त्यामुळे घरात रोज तिजण होतं, हे वहिनींनी आम्हाला सांगितलं होतं. भिकाजीबाबांनी पहिला कोप एका दमात संपवला, मिशी पुसली आणि चौकशी सुरू केली.

“आजी, जयराम काय खातो? खरं सांगा.”

“कितें खातलो, बाबा?” आजीने कपाळाला हात लावला. “चार कुलेरी मूग आनी उकडिल्लें तांतीं. तेंय चाबता चाबता दीस मावळटा. अशें कशें जगतलो तो?” म्हणजे चार चमचे मूग आणि उकडलेलं अंडं, एवढाच हिशेब.

“बरं. आणि पितो का?”

आजी रागावली. “ना रे बाबा! ऑपरेशन जालें तेन्नाच्यान सोडली. थेंब लेगीत घेना.”

“बघ गुरुदास,” दुसरा कोप तोंडाला लावत भिकाजीबाब म्हणाले, “खाण्याचा प्रश्न मिटला, पिण्याचाही मिटला. म्हणजे उरलं काय?”

“काय?”

“विष!”

मी विचारलं, विषाने माणूस मरतो की जाड होतो? ते म्हणाले, हे नव्या प्रकारचं, सावकाश वजन वाढवून मारणारं विष असेल. दुसऱ्या एखाद्या ट्रकवाल्याचं काम. खाणी बंद पडून सगळ्यांचेच ट्रक उभे असताना कोण कोणाशी स्पर्धा करणार, असं मी म्हटलं. त्यावर त्यांनी तिसरा कोप मागितला. आजी इतकी खूश झाली की, तिने काजूगर घालून दिला.

त्या दिवशी हाती आलेला पुरावा एवढाच की, चारच्या सुमाराला जयरामबाब उठले, तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि नदीच्या बाजूला चालू पडले. आजी म्हणाली, रोज जातात. भिकाजीबाबांचे डोळे चमकले.

“इस्त्रीचा शर्ट, गुरुदास! विष नाही. बाई आहे!”

“बाई?”

“जी त्याला खाऊ घालते. पुरुषाला दोनच गोष्टी घराबाहेर ओढतात, आणि इथे दोन्ही एकाच ठिकाणी मिळताहेत.”

हा सिद्धांत त्यांनी वहिनींना सांगू नये, अशी मी त्यांना हात जोडून विनंती केली. ती त्यांनी मान्य केली आणि संध्याकाळी स्वतःच फोन करून सांगितला.

दुसऱ्या दिवशी पाठलाग. ओळखू येऊ नये म्हणून भिकाजीबाबांनी टुरिस्टाचा वेश घेतला, अर्धी चड्डी, फुलाफुलांचा शर्ट, गवताची टोपी, गळ्यात बंद पडलेला कॅमेरा. आमोण्यात टुरिस्ट कशाला येईल, हे मी विचारलं नाही. रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने त्यांना विचारलं, “भिकाजीबाब, आज खंय भायर सरलात?” आणि ते प्रत्येकाला इंग्रजीत “नो, नो” म्हणत होते.

नदीच्या वाटेवर विमलाचा भजीचा गाडा आहे. जयरामबाब थेट तिथे गेले आणि बाकड्यावर बसले. आम्ही आंब्याच्या झाडाआड. म्हणजे मी झाडाआड. भिकाजीबाबांचा दोन्ही बाजूंनी बराचसा भाग झाडाबाहेर होता.

कढईत मिरच्या पडल्या, वास सुटला. जयरामबाबांनी डोळे मिटून खोल श्वास घेतला. विमलाने कागदावर गरम भजी आणि पाव ठेवले. जयरामबाबांनी ते शेजारी बसलेल्या रेतीवाल्या गड्याच्या हातात दिले.

“खा रे.” मग पुढे वाकून विचारलं, “कशी आसा? कुरकुरीत?”

“आसा.”

“आंत मीठ लागता? ओवा?”

“लागता, जयरामबाब.”

“आतां पाव घे. सांग.”

गडी चावत होता आणि जयरामबाब त्याच्या तोंडाकडे असे बघत होते की, मला खरंच गलबलून आलं. पूर्वी लोक त्यांना जेवताना बघायचे. आता ते लोकांना जेवताना बघत होते. त्यांनी स्वतः तुकडासुद्धा तोंडात घातला नाही. मग त्यांची नजर झाडाकडे गेली.

“विमला, त्या टुरिस्टाक एक प्लेट दी गो.”

“भिकाजीबाब,” विमलाने हाक मारली, “हें कितें सोंग? यात, गरम आसात.”

भिकाजीबाब बाहेर आले आणि गुन्ह्याच्या जागेची बारकाईने पाहणी केली, म्हणजे दोन प्लेटी. जयरामबाबांनी त्यांनाही विचारलं, कशी आहेत. “आणखी पुरावा लागेल,” ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर स्कूटरवर मागून आवाज आला. “गुरुदास, उलगडा झाला. वास!”

“वास?”

“वासात तेल असतं. तेल नाकातून आत जातं. पोट कापलं तरी नाक शाबूत आहे ना? हा माणूस नाकाने जेवतो.”

रस्त्यात खड्डा होता. तो मी चुकवला नाही.

त्या संध्याकाळी वहिनी शाळेतून आल्या तेव्हा भिकाजीबाब बाल्कांवात उभे होते. सर्वांना समोर बसवून रहस्य उलगडायची त्यांची फार जुनी हौस. जयरामबाब, आजी, वहिनी आणि मी, एवढ्यांना बसवून ते येरझारा घालायला लागले.

“वहिनी, जयराम रोज संध्याकाळी जातो कुठे? विमलाच्या भजीच्या गाड्यावर!”

पुढचं नाकाचं शास्त्र सांगायला ते तोंड उघडणार, तोवर वहिनी उठल्या होत्या.

“भजी?” त्यांचा आवाज एकदम थंड झाला. “मी देवळात नवस बोलते, रात्र रात्र तुमचा श्वास ऐकत जागते, आणि तुम्ही भजी खाता?”

“खात नाही गो. वास घेतो.”

“आणि मग काटा खोटं बोलतो?”

“तेच मी पहिल्या दिवशी म्हटलं होतं!” भिकाजीबाब म्हणाले. कोणी लक्ष दिलं नाही.

जयरामबाब वहिनींकडे वळले. मग म्हणाले, “सुमंगला, डॉक्टरांनी माझं पोट कापलं. जिभेला कोणी हात लावला नाही. ती अजून तेवढीच आहे. माणसं आता मला लग्नाला बोलवत नाहीत, वाईट वाटेल म्हणून. बोलावलं तर माझ्या पानाकडे बघत नाहीत. मी दुसऱ्याला खाऊ घालतो आणि विचारतो, कसं लागलं. एवढंच माझं सुख. त्यातही तू गुप्तहेर पाठवलास?”

“मी नाही पाठवला!”

“पाठवला नाहीस, पण विश्वास ठेवलास.”

“विश्वास कशावर ठेवू? तुमच्या बाबांना ताटावरून उचललं तेव्हा मी या घरात नवी होते. भावोजींच्या वेळी मीच पाणी घेऊन धावले. तिसऱ्यांदा मी बघणार नाही.” वहिनींचा आवाज फुटला. “मी पार्श्याला जाते, भावाकडे. तुम्ही आणि तुमची भजी.”

आत जाऊन त्यांनी कपाटातून बॅग काढल्याचा आवाज आला. आजी खांबाला टेकून रडायला लागली. भिकाजीबाब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “नाकाचं सांगायचं राहूनच गेलं.”

घरी येऊन मी सगळं माझ्या बायकोला, शालिनीला सांगितलं. तिने भिकाजीबाबांविषयी जे म्हटलं, ते इथे लिहिता येणार नाही. “उद्या रविवार आहे,” ती म्हणाली. “मी येते. बाईमाणसाचं बाईमाणूस ऐकेल. आणि त्या भिकाजीबाबांना आणू नकोस.”

मी आणलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते आधीच बसने येऊन बसले होते, हातात तिजणाचा कोप.

वहिनींची बॅग दाराशी भरून ठेवलेली. पार्श्याहून भाऊ दुपारी न्यायला येणार होता. जयरामबाब कोपऱ्यात, चार माणसांत असूनही एकटे. शालिनीने वहिनींचा हात धरला. अशा वेळी काही सुचतं ते फक्त आज्यांना. जानकी आजी डोळे पुसत आली आणि शालिनीच्या हातात कोप दिला. घर मोडत असलं तरी पाहुणीला काही न देता कसं बसवायचं?

शालिनीने घोट घेतला. मग दुसरा. अवघडलेपण घालवायला म्हणून म्हणाली, “आजी, किती छान झालंय हो! आमच्या घरी करते ते नुसतं खळीसारखं होतं. कसं करता?”

आजीचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांत तिला कोणी काही विचारलं नसावं. तिने सविस्तर सांगायला घेतलं. नाचणी रात्री भिजत घालायची, वाटायची, फडक्यातून गाळायची. पहिला दाट नारळाचा रस शेवटी घालायचा. गुळात कंजूषपणा करायचा नाही.

“हें तुमकां पावण्यांक,” आजी म्हणाली. “म्हज्या पुताक करतां तातूंत हांव तूप घालतां. काजू वांटून घालतां. गूळ चड. तशेंच ताका बळ येतलें न्हय?”

शालिनीचा कोप हातातच राहिला. “जयरामबाबांना? रोज?”

“दर दिसा. सकाळीं, दनपारां, सांजेर. दोतोरान सांगलां न्हय, पातळ दी म्हूण!”

बाल्कांवात असा शुकशुकाट झाला की, भिकाजीबाबांचा घोट घशाखाली उतरलेला सगळ्यांना ऐकू आला.

“आई,” वहिनी सावकाश म्हणाल्या, “ते तिजण तुम्ही घेता ना? दात नाहीत म्हणून?”

“हांव?” आजीने तोंड वाकडं केलं. “म्हाका तें आवडनाच.”

सगळ्यांनी जयरामबाबांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर चोराचा भाव शोधूनही सापडला नसता. शाळेत चुकीचं उत्तर दिल्यावर पोराचा चेहरा होतो, तसा झाला होता.

“ते... खाण्यात धरतात?” ते म्हणाले. “पण ते चावायला कुठे लागतं?”

“तुम्ही मला म्हणालात, काही खात नाही!”

“खात नव्हतोच. पीत होतो.”

“आजींना मी पिण्याबद्दल स्पष्ट विचारलं होतं!” भिकाजीबाब उसळले. “त्या म्हणाल्या, थेंब घेत नाही!”

“दारूचो थेंब घेना म्हटलें हांवें!” आजीही उसळली. “गोंयांत ‘पिता’ म्हटल्यार कितें, तें तुका खबर ना?”

वहिनींनी हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हसू दाबत सांगितलं की पातळ आहार फक्त ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या दिवसांसाठी होता. गोड पातळ पदार्थ लहान पोटात थांबत नाहीत, घसरून थेट आतड्यात जातात; त्यानेच घाम, त्यानेच धडधड, आणि दिवसभर घोट घोट घेतलं तर वजनही त्यानेच. “नाकाचा काही संबंध?” भिकाजीबाबांनी फोनजवळ वाकून विचारलं. पलीकडून त्या म्हणाल्या, “कोण बोलतंय?”

फोन ठेवला आणि बघतो तर आजी खाली बसलेली. पदर तोंडाला.

“म्हणजे हांवेंच हें केलें काय रे?” ती जयरामबाबांना विचारत होती. “घोव गेलो, व्हडलो पूत गेलो. हो उरला म्हूण हांव...”

वहिनी, ज्यांची बॅग दाराशी भरून उभी होती, सासूजवळ जमिनीवर बसल्या. “नाही, आई. तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नाही. वर्गभर पोरांना मी एकेक गोष्ट तीनतीनदा समजावते, आणि घरात नुसते हुकूम सोडून शाळेला गेले. किती दिवस पातळ, कसलं पातळ, हे मी सांगायला हवं होतं.”

“मग हांव ताका दिवूं तरी कितें?”

“मूग, अंडं. ताक चालतं, पाणीदार. मासे चालतात.”

मासळीचं नाव ऐकून आजीचा पदर खाली आला. “नुस्तें?”

“हो.”

“नुस्तें चलता?”

“वाफवलेलं, तुकडाभर. पण मीच बंद ठेवलं होतं. म्हटलं, मासा आला की हुमण येईल, हुमण आलं की भात येईल, आणि मग...”

“नुस्तें चलता,” आजी उभी राहिली, “आनी तूं म्हज्या पुताक इतले म्हयने मूग चारता?”

“म्हणजे दुसरा गुन्हेगारही सापडला!” भिकाजीबाबांनी टाळी वाजवली.

“तूं बस सकयल!” आजी ओरडली. भिकाजीबाब बसले. मी पाहिलेली त्यांची ही एकमेव जलद हालचाल.

भाऊ दुपारी आला तेव्हा बॅग दाराशीच होती, पण कोणाच्या लक्षात नव्हती. आजीने बांगडा आणवला होता, तिरफळं आणि हळद लावून वाफवला होता, आणि काट्यांचा एकेक धागा स्वतःच्या बोटांनी वेचून काढला होता. वाटीत तळहाताएवढा तुकडा, बाकी काही नाही. जयरामबाबांनी पहिला घास तोंडात घातला आणि चावायला लागले. आम्ही सगळे समोर भात घेऊन बसलेले, पण कोणी हात लावेना. ते चावत होते, सावकाश, डोळे मिटून. त्या दुपारी त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही, कसं लागलं म्हणून.

वहिनींनी भावाला सांगितलं, “तू जा. मी पुढच्या महिन्यात येते. आम्ही दोघं येतो.”

पुढच्या महिन्यात पार्श्याला त्या भावाच्या नव्या घराची पूजा होती. वजन पुन्हा उतरायला लागलं होतं, धडधड थांबली होती. आजीला ताकाचा इतका नाद लागला होता की, जयरामबाब आता ताकापासून लपत होते. विमलाच्या गाड्यावर ते अजून जात. आता वहिनीही शनिवारी सोबत जात, आणि भजी त्या खात. कशी लागली ते तपशीलवार सांगत. आम्हालाही पूजेचं आमंत्रण होतं. म्हणजे मला आणि शालिनीला. भिकाजीबाब आमंत्रणाशिवाय येतात, ते त्यांच्या धंद्यात बसतं.

पंगत बसली. पार्श्याच्या लोकांना ऑपरेशनचं नुसतं ऐकून माहीत. जयरामबाब पानावर बसलेले बघून म्हाताऱ्या मंडळींना जुने दिवस आठवले. यजमान स्वतः भाताचं भांडं घेऊन आला. “भावोजी, आज लाजायचं नाही. कितीतरी दिवसांनी आमच्या पंगतीला आलात!” शेजारून कोणी भाज्यांचं खतखतं आणलं, कोणी गोड मणगण्याचं पातेलं. आग्रहाला ऊत आला. भांड्यावरचा डाव जयरामबाबांच्या पानावर येऊन थांबला.

वाढायला आलेल्या वहिनी पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं होतं, नवऱ्याच्या वतीने काहीतरी सांगायला. पण सांगितलं नाही. बघत राहिल्या.

जयरामबाबांनी आपल्या पानातल्या दोन घासांवर हात आडवा धरला आणि हसून म्हणाले, “पुरो.”

एवढाच शब्द. डाव हवेतच राहिला. या माणसाच्या तोंडून हा शब्द पंगतीत कोणी कधी ऐकलाच नव्हता. मग एक म्हातारा हसला, “बरें, बरें,” आणि यजमान पुढच्या पानाकडे वळला. जयरामबाब शेजारच्याशी पावसाविषयी बोलायला लागले, इतर चार माणसं बोलतात तसे.

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं आणि पदराने डोळे पुसले.

माझ्या कोपराला धक्का बसला. भिकाजीबाब पान मध्येच सोडून माझ्याकडे झुकले होते, डोळे बारीक केलेले.

“गुरुदास,” ते कुजबुजले, “कोणी काही बोललं नाही आणि वहिनी रडताहेत. यात काहीतरी काळंबेरं आहे.”

मी वाढप्याला हाक मारली आणि मणगणं थेट भिकाजीबाबांच्या पानात ओतायला सांगितलं.